एएमपीकेची नोंद लिहिणाऱ्यांसाठी: प्रस्तावना

ज्ञानकोशातली नोंद उघडणारा माणूस बहुधा घाईत असतो. जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी परीक्षेच्या आदल्या रात्री येतो. मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी हातात घेऊन कुणाची तरी मुलगी येते. आईची गोळी जेवणाआधी की नंतर ते डॉक्टरांनी सांगितले, पण ती शरीरात जाऊन काय करते हे सांगायला बाहेरच्या रांगेने त्यांना सवड दिली नाही. एखाद्या तरुणाच्या गळ्यात व्यायामशाळेत कुणीतरी ‘चरबी जाळणारी’ पूड मारू पाहते आणि डब्यावर छापलेली चार इंग्रजी अक्षरे कशाची, हे त्याला पैसे देण्यापूर्वी जाणून घ्यायचे असते. ही तिन्ही माणसे शोधत शोधत एकाच पानावर येऊन ठेपतात. ते पान मराठी विकिपीडियावरचे, एएमपीके या विकराचे. ते नीट लिहिलेले असावे एवढ्याच हेतूने ही पुस्तिका तयार केली आहे, आणि त्या कामात तुम्हीही हात लावावा, म्हणून ही प्रस्तावना.

त्यासाठी तुम्ही रेणवीय जीवशास्त्राचे पदवीधर असलेच पाहिजे असे नाही. बारावीपर्यंतचे जीवशास्त्र थोडेफार आठवत असेल आणि एखादे वाक्य लिहून झाल्यावर ‘हे मला कुठून कळले?’ असे स्वतःला विचारायची खोड असेल, तर सुरुवातीला एवढी शिदोरी पुरते. उरलेले काम करता करता अंगवळणी पडते. विकिपीडिया ही जगातली बहुधा एकमेव जागा असेल, जिथे नवख्याने लिहिलेला परिच्छेद आणि प्राध्यापकाने लिहिलेला परिच्छेद एकाच पानावर शेजारी नांदतात आणि दोघांनाही एकाच प्रश्नाला तोंड द्यावे लागते: आधार काय?

मराठीला हे काम नवे नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड उभे केले. त्यांतले पहिले पाच खंड निव्वळ प्रस्तावनेचे होते आणि पाचवा तर ‘विज्ञानेतिहासा’ला दिलेला होता. (ज्या भाषेत पाच खंडांची प्रस्तावना लिहून झाली आहे, त्या भाषेच्या वाचकांनी या चार पानांच्या लांबीबद्दल कुरकुर करू नये.) पुढे वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड आला. तेव्हा आपल्या या विकराला नावसुद्धा नव्हते. मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला, तोवर ते नाव जगभरच्या प्रयोगशाळांत रुळलेले होते. छापील कोशाला जे शास्त्र वयोमानाने पकडता येत नाही, ते रोज दुरुस्त होणाऱ्या कोशात पकडता येते. अट एकच, दुरुस्त करणारी माणसे हवीत.

आता विषयाकडे वळू. पेशीत जे काही काम होते, म्हणजे स्नायूचे आकुंचन, चेतापेशीतून संदेशाची धाव, नव्या प्रथिनाची जुळणी, त्यातल्या बहुतेक कामांत एटीपी या रेणूचा एक फॉस्फेट-गट सुटतो आणि एडीपी उरतो. अन्नातून आलेल्या ऊर्जेने तो गट पुन्हा जोडला जातो. शरीरात कोणत्याही क्षणी एटीपीचा साठा अगदी बेताचा असतो. मात्र ही मोडजोड इतक्या वेगाने चाललेली असते की दिवसभरातली एकूण उलाढाल साधारण माणसाच्या वजनाच्या घरात जाते. एटीपीचा शोध १९२९ सालचा. जर्मनीत कार्ल लोमान यांनी आणि अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे लावला. सुब्बाराव भीमावरमचे, आंध्रातले. एएमपीकेच्या नोंदीत त्यांना जागा नाही, पण एटीपीच्या नोंदीत त्यांचे नाव आहे की नाही, हे जाता जाता जरूर पाहा.

साठा बेताचा आणि खर्च अखंड, अशा परिस्थितीत पेशीला टंचाईची चाहूल लवकर लागणे भाग आहे. ही चाहूल घेणारे विकर म्हणजे एएमपीके. त्याचे पूर्ण नाव ‘एएमपीने सक्रिय होणारे प्रथिन-कायनेज’. एएमपी म्हणजे एडीपीचाही एक फॉस्फेट-गट गेल्यावर उरणारा रेणू. (नावाच्या साधर्म्यामुळे त्याची ‘चक्रीय एएमपी’ने चालणाऱ्या प्रथिन-कायनेज ए या विकराशी सतत गल्लत होते. दोन्हींचा संबंध नाही. नोंदीच्या माथ्यावर तशी एक ओळ घाला, अनेकांचे भले होईल.) इथे नवख्या वाचकाच्या मनात एक शंका येते आणि ती अतिशय रास्त आहे. खर्च होते एटीपी, मग पेशी थेट एटीपी का मोजत नाही? एएमपीकडे पाहून तिला काय मिळते?

याचे उत्तर एका लहानशा हिशेबात आहे आणि माझ्या मते नोंदीतला हा सर्वांत मोलाचा परिच्छेद. पेशीत ॲडेनिलेट कायनेज नावाचे दुसरे एक विकर असते. ते दोन एडीपी घेऊन एक एटीपी आणि एक एएमपी तयार करते, आणि ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. तिचा समतोल-स्थिरांक साधारण एकच्या आसपास आहे असे धरा. मग धडधाकट पेशीत एटीपी आणि एडीपी यांचे प्रमाण दहास एक असेल, तर एटीपी आणि एएमपी यांचे प्रमाण शंभरास एक निघते. तिन्ही मिळून १०० रेणू मानले, तर एटीपीचे सुमारे ९०, एडीपीचे ९ आणि एएमपीचा जेमतेम एक. आता खर्च वाढला आणि पहिले प्रमाण पाचास एक झाले. पुन्हा हिशेब मांडा: एटीपी सुमारे ८१, एडीपी १६ आणि एएमपी ३ च्या थोडे वर. एटीपी दहाव्या हिश्शानेच उतरले, पण एएमपी साडेतीन पट झाले. एटीपीवर नजर ठेवणाऱ्याला ही घट जाणवलीही नसती. एएमपीवर नजर ठेवणाऱ्याला ती लगेच दिसते. वाचकांनी हा हिशेब कागदावर एकदा स्वतः करून पाहावा. नोंदीतही तो आकड्यांसह द्यावा, कारण नुसते ‘एएमपी हा संवेदनशील निर्देशक आहे’ असे लिहून पुढे गेलो, तर वाचक मान डोलावतो आणि पान बंद करताच विसरतो.

विकराची रचना तीन उपघटकांची आहे. अल्फा हा प्रत्यक्ष काम करणारा, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट-गट चढवणारा. बीटा जोडणारा, ग्लायकोजेनला चिकटू शकणारा. आणि गॅमा चाहूल घेणारा, एएमपी, एडीपी आणि एटीपी यांच्यासाठी खाचा असलेला. अल्फाचे दोन, बीटाचे दोन आणि गॅमाचे तीन प्रकार आपल्या जनुकांत लिहिलेले आहेत, म्हणून एकूण १२ जोडण्या शक्य होतात. यकृतात एक जोडणी जास्त, स्नायूत दुसरी. गॅमाच्या खाचेत एएमपी बसले की तीन गोष्टी घडतात. विकराची चाल थेट वाढते. एलकेबी-१ हे दुसरे विकर अल्फाच्या १७२ व्या स्थानावरच्या थ्रिओनीनवर फॉस्फेट अधिक सहज चढवते. आणि चढलेला फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकरांपासून त्याचे रक्षण होते. एएमपीकेवर फॉस्फेट चढवणारे विकर म्हणजे एलकेबी-१, हे २००३ मध्ये स्पष्ट झाले. गंमत अशी की ते तोपर्यंत कर्करोगाच्या संशोधकांना परिचित होते. त्याच्या जनुकातल्या दोषाने प्यूट्झ-जेगर्स हा आनुवंशिक विकार होतो. ऊर्जेचा अभ्यास करणारे आणि गाठींचा अभ्यास करणारे अशा रीतीने एकाच रेणूपाशी येऊन भेटले.

सक्रिय झाल्यावर एएमपीके करते काय? इंग्रजी लेखनात त्याला वाहनाच्या इंधनमापकाची उपमा देण्याची प्रथा पडली आहे. ती अर्धीच लागू पडते, कारण मापक काटा दाखवून थांबतो, हे विकर मात्र उठून नळ फिरवते. एकच नळ जवळून पाहू. ॲसिटिल-कोए कार्बॉक्सिलेज हे विकर मॅलोनिल-कोए बनवते. मॅलोनिल-कोएची कामे दोन: मेदाम्ले तयार करण्यासाठी तो कच्चा माल आहे, आणि तयार मेदाम्लांना तंतुकणिकेत शिरू देणाऱ्या वाहक-विकराला तो अडवून धरतो. एएमपीकेने या कार्बॉक्सिलेजवर फॉस्फेट चढवला की ते मंदावते, मॅलोनिल-कोए घटते, आणि एका फटक्यात मेद बनवणे थांबून मेद जाळण्याची वाट मोकळी होते. बचत आणि कमाई, दोन्ही एकाच ठिकाणाहून. याच धर्तीवर ते कोलेस्टेरॉल बनवण्याला आळा घालते, स्नायूत ग्लुकोज आत घ्यायला मदत करते, प्रथिननिर्मितीला वेग देणाऱ्या एमटॉर-मार्गाला लगाम घालते आणि पेशीच्या जुन्या भागांची मोडतोड करून ते पुन्हा वापरणाऱ्या स्वभक्षण-क्रियेला चालना देते. ज्या प्रथिनांवर ते काम करते त्यांची यादी पुष्कळ लांब आहे. नोंदीत ती सगळी उतरवण्याचा मोह आवरा. चार उदाहरणे अशी समजावून सांगा की पाचवे वाचकाने स्वतः ओळखावे.

इतिहास थोडक्यात असा. १९७३ मध्ये दोन गटांनी, एकमेकांचा संबंध नसताना, यकृतातली दोन निरनिराळी विकरे फॉस्फेट चढवून मंद करणाऱ्या क्रियेची नोंद केली. कार्लसन आणि किम यांनी ती मेदाम्लांच्या बाजूने पाहिली. बेग, ऑलमन आणि गिब्सन यांनी कोलेस्टेरॉलच्या बाजूने. या दोन्ही क्रियांमागचे विकर एकच आहे, हे स्कॉटलंडमधल्या डंडी येथील ग्रॅहम हार्डी आणि डेव्हिड कार्लिंग यांच्या कामातून १९८७ साली पुढे आले, आणि त्यानंतर लगेचच आजचे नाव रूढ झाले. विकरांच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकांत मात्र त्या दोन वाटा अजून दिसतात. २.७.११.२७ हा क्रमांक कार्बॉक्सिलेजच्या बाजूचा, २.७.११.३१ कोलेस्टेरॉलच्या बाजूचा. माहितीचौकटीत क्रमांक भरताना हे ठाऊक असले म्हणजे गोंधळ होत नाही. मग १९९४ मध्ये अल्फा-उपघटकाचा अनुक्रम वाचला गेला तेव्हा तो यीस्टमधल्या एसएनएफ-१ या प्रथिनाचा नातलग निघाला. ते प्रथिन मरियन कार्लसन यांच्या प्रयोगशाळेतून आधीच माहीत होते. ते बिघडलेल्या यीस्टला ग्लुकोज संपल्यावर उसाच्या साखरेवर जगता येत नाही. म्हणजे टंचाईत तग धरण्याची ही व्यवस्था यीस्टपासून वनस्पतींपर्यंत आणि माणसापर्यंत पसरलेली आहे.

आणि इथेच नवख्या लेखकाचा पाय घसरतो. नातलग आहेत म्हणून स्वभावही सारखा, असे आपण सहज लिहून जातो. यीस्टमधले एसएनएफ-१ एएमपीने सस्तन प्राण्यांतल्यासारखे थेट वेग घेत नाही. म्हणून ‘एएमपीके सर्व दृश्यकेंद्रकी पेशींत एएमपीने सक्रिय होते’ हे वाक्य ऐकायला भारदस्त असले तरी चुकीचे आहे. या नोंदीवर काम करताना माझा सगळा भर एका प्रश्नावर असतो, आणि तुम्हीही तो प्रत्येक वाक्यापाशी विचारावा असे मला वाटते: हे कुठे पाहिले? यीस्टमध्ये, उंदराच्या यकृतात, बशीत वाढवलेल्या पेशींत, की माणसात? एएमपीकेबद्दलचा बराचसा गैरसमज खोट्या माहितीतून आलेला नाही. एका ठिकाणी खरी असलेली माहिती भलत्या ठिकाणी नेऊन ठेवल्याने तो झाला आहे.

हा प्रश्न नीट विचारला की विषय किती रंगतदार होतो, ते पाहायचे तर डुकरांची गोष्ट घ्या. हॅम्पशायर जातीच्या काही डुकरांच्या मांसाचा हॅम शिजवला की तो नेहमीपेक्षा जास्त आक्रसे आणि उत्पादकाचे नुकसान होई. या डुकरांच्या स्नायूंत ग्लायकोजेन सुमारे ७० टक्के अधिक असते. कत्तलीनंतर त्याचे लॅक्टिक आम्ल होते, मांसाची आम्लता वाढते आणि ते पाणी धरून ठेवत नाही. २००० साली याचे मूळ सापडले, गॅमा-३ उपघटकाच्या जनुकात: २०० व्या जागी आर्जिनीनऐवजी ग्लुटामीन. म्हणजे मांसाच्या कारखान्यातल्या तक्रारीचा धागा आपल्या विकराच्या त्या चाहूल घेणाऱ्या खाचांपर्यंत पोहोचला. पुढच्याच वर्षी माणसांत गॅमा-२ च्या जनुकातले बदल सापडले. अशा घराण्यांत हृदयाच्या भिंती जाड होतात, पेशींत ग्लायकोजेन साठते आणि हृदयाच्या विद्युत्-संदेशाला आडवाट मिळून ठोके बिघडतात. टंचाईत साठा उघडणाऱ्या विकराच्या बिघाडाने साठा वाढावा, हे प्रथमदर्शनी उलटेच वाटते. विकर नको तेव्हाही जागे राहिले की पेशी गरजेपेक्षा जास्त ग्लुकोज आत ओढते आणि उरलेले ग्लायकोजेन होऊन बसते, असा याचा उलगडा सांगितला जातो.

ही गोष्ट नुसत्या कुतूहलाची नाही. २०१७ साली एमके-८७२२ नावाच्या एका रेणूवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. हा रेणू एएमपीकेच्या सर्व बाराही जोडण्यांना सक्रिय करतो. उंदरांत आणि ऱ्हीसस माकडांत त्याने रक्तातली साखर उतरवली, पण त्यांची हृदयेही जाड झाली आणि त्यांत ग्लायकोजेन वाढले. ज्याने डुकरांचा आणि त्या घराण्यांचा परिच्छेद वाचला आहे, त्याला हे वाचताना नवल वाटणार नाही. नोंदीतले परिच्छेद असे एकमेकांना धरून असावेत. आज पुष्कळ ठिकाणी ‘रचना’, ‘कार्य’, ‘रोग’, ‘औषधे’ असे कप्पे पाडलेले असतात आणि एका कप्प्यातल्या माहितीला दुसऱ्या कप्प्याची खबर नसते.

आता त्या गोळ्यांच्या पट्टीकडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि त्यांच्यापैकी असंख्य जणांच्या घरात मेटफॉर्मिन असते. साहजिकच या नोंदीत सर्वांत जास्त वाचले जाणारे वाक्य मेटफॉर्मिनचेच असणार. ते आपण टप्प्याटप्प्याने लिहून पाहू, कारण ही नोंद लिहिण्याची सगळी कसरत या एका वाक्यात सामावलेली आहे.

पहिला मसुदा: ‘मेटफॉर्मिन एएमपीके सक्रिय करून रक्तशर्करा कमी करते.’ आधार आहे. २००१ मध्ये यकृत-पेशींतल्या प्रयोगांनी हा संबंध दाखवला. २००५ मध्ये यकृतात एलकेबी-१ नसलेल्या उंदरांत मेटफॉर्मिनचा गुण आला नाही, तेव्हा वाक्य आणखी पक्के वाटू लागले. पण २०१० मध्ये यकृतातले एएमपीकेच काढून टाकलेल्या उंदरांतही मेटफॉर्मिनने ग्लुकोजची निर्मिती घटवली. मग वाक्यात ‘करून’ हा शब्द राहू शकत नाही. तिथे ‘सक्रिय करते, तथापि’ अशी रचना करावी लागते. मेटफॉर्मिन तंतुकणिकेतल्या श्वसन-साखळीच्या पहिल्या संकुलाला अडथळा आणते, एटीपी घटते आणि एएमपीके जागे होते, म्हणजे ते जागे होणे हा कदाचित परिणाम आहे, साखर उतरण्याचे कारण नव्हे, अशी मांडणी पुढे आली. हा मामला इथेच मिटला असे समजून आपण पान बंद केले, तर २०१३ आडवे येते. कार्बॉक्सिलेजवरच्या ज्या जागी एएमपीके फॉस्फेट चढवते, ती जागाच बदललेल्या उंदरांत मेटफॉर्मिनने इन्सुलिनची गुणकारकता सुधारली नाही. म्हणजे तातडीच्या परिणामाला एएमपीके लागत नसले तरी मेदाच्या वाटेने होणाऱ्या दीर्घ परिणामाला ते लागत असावे. २०२२ मध्ये अल्प मात्रेतले मेटफॉर्मिन लयकारिकेच्या वाटेने, एएमपी न वाढवताच, एएमपीके सक्रिय करते अशी आणखी एक मांडणी आली.

मग लिहायचे काय? माझा मसुदा असा: ‘मेटफॉर्मिनमुळे एएमपीके सक्रिय होते. औषधाच्या परिणामात त्याचा वाटा किती, याबद्दल मतभेद आहेत; उंदरांवरील प्रयोगांत यकृतातील ग्लुकोजनिर्मितीवरचा तात्कालिक परिणाम एएमपीकेवाचूनही दिसला आहे, तर मेदाच्या चयापचयातून होणाऱ्या परिणामासाठी ते आवश्यक असल्याचे आढळले आहे.’ वाक्य लांबले आहे, मान्य. त्या घाईतल्या मुलीला यात गोळी घ्यावी की नाही याचे उत्तर मिळणार नाही, आणि मिळूही नये. ते डॉक्टरांचे काम. पण कुणी तिला फसवलेले नसेल. तुम्हाला यापेक्षा सुटसुटीत आणि तितकेच खरे वाक्य सुचले, तर माझे खुशाल काढून टाका.

पुडीवाल्या तरुणासाठीही एक परिच्छेद हवा. एआयसीएआर हा रेणू पेशीत गेल्यावर एएमपीसारखे सोंग घेतो. २००८ मध्ये तो चार आठवडे दिलेले, व्यायाम न केलेले उंदीर ४४ टक्के जास्त पळाले आणि ‘गोळीतला व्यायाम’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. आज तो उत्तेजकविरोधी जागतिक यादीत प्रतिबंधित आहे. शिवाय ते सोंग एएमपीने चालणाऱ्या इतर विकरांनाही फसवते, म्हणून एआयसीएआरने जे घडले ते एएमपीकेमुळेच घडले असे म्हणता येत नाही. आपल्याकडच्या लेखकांना आणखी एक मोह होईल, दारुहळदीचा. तिच्यातले बर्बेरीन पेशींत आणि उंदरांत एएमपीके सक्रिय करते, हे खरे. तेवढे एक वाक्य इथे लिहावे. दारुहळदीचा आयुर्वेदातला दीर्घ वापर हा स्वतंत्र आणि आदरास पात्र विषय आहे, त्याला त्याचे स्वतःचे पान आहे. एका वाक्याच्या टेकूवर तो अख्खा विषय या विकराच्या पानावर आणू नये.

कामाच्या पद्धतीबद्दल फार सांगत नाही, पुढच्या प्रकरणांत ते आहेच. सुरुवात धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, करा. तिथे खोडाखोड केली तरी कुणाचे काही बिघडत नाही. वैद्यकीय विधानांना एखाद्या सुट्या प्रयोगाचा आधार पुरत नाही. अनेक प्रयोगांचा आढावा घेणारे लेख शोधा, आणि नवे शोधनिबंध इतिहासाच्या भागात तारखेनिशी ठेवा. इंग्रजी पानाचे यंत्राकडून भाषांतर करून चिकटवू नका. त्या पानातल्या चुका तर येतातच, वर वाक्ये अशी येतात की ती कुणाच्या तोंडी शोभत नाहीत. नियतकालिकांतल्या आकृत्या उचलणे हा प्रताधिकाराचा भंग आहे. पण प्रथिनांच्या रचनांचा सार्वजनिक संग्रह, पीडीबी, सर्वांना खुला आहे. त्यातली एएमपीकेची रचना घेऊन स्वतः चित्र तयार करा आणि मुक्त परवान्याने विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहावर चढवा. आणि छोट्या दुरुस्तीला कमी लेखू नका. ‘एएमपीके आयुर्मान वाढवते’ या वाक्यात ‘सूत्रकृमींमध्ये’ एवढा एक शब्द घालणाऱ्याने नोंदीचे केलेले काम कधी कधी दहा परिच्छेद घालणाऱ्यापेक्षा जास्त असते.

शास्त्रज्ञांनी हे काम कमी प्रतीचे मानू नये, यासाठी दोन दाखले पुरेत. मानवी जनुकांच्या नोंदी विकिपीडियावर पद्धतशीर उभ्या करण्याचा ‘जीन विकी’ हा उपक्रम २००८ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’त रीतसर शोधनिबंध म्हणून मांडला गेला. त्याच वर्षी ‘आरएनए बायॉलॉजी’ या नियतकालिकाने आरएनए-कुटुंबांवर लिहिणाऱ्या लेखकांना निबंधाबरोबर विकिपीडियाची नोंदही लिहायला सांगायला सुरुवात केली. एएमपीकेची सात जनुके आहेत. प्रत्येकाचे वेगळे छोटे पान असावे की सगळे एका मोठ्या पानात असावे, यावर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, वाद होईल, होऊ द्या. माझे मत मोठ्या पानाच्या बाजूचे आहे. अपवाद गॅमा-२ चा. त्याच्या हृदयविकाराला स्वतंत्र पान हवे, कारण ते शोधणारे लोक विकराच्या नावाने शोधत नाहीत.

सध्या सर्वांत लंगडे भाग दोन आहेत. वनस्पतींतली याची भावंडे, एसएनआरके-१, यांच्यावर मराठीत सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि लिहिणारे हात नाहीत. कृषी विद्यापीठांतल्या कुणी तो भाग उचलला तर उत्तम. दुसरा भाग भुकेचा. मेंदूच्या अधश्चेतकात घ्रेलीन हे संप्रेरक एएमपीकेला जागे करते आणि लेप्टिन त्याला शांत करते, म्हणजे पेशीची टंचाई मोजणारे विकर तिथे अख्ख्या प्राण्याच्या खाण्यापिण्यात लक्ष घालते. शरीरक्रियाशास्त्र शिकवणाऱ्या कुणाला हा परिच्छेद तासाभरात लिहिता येईल. यांपैकी जे घ्यायचे ते घ्या, मात्र आधी चर्चापानावर तसे एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे दोघेजण एकाच परिच्छेदावर रात्र जागवणार नाहीत.